विल्यम कॅरी यांची बाग

कोकणातील डोंगररानांत कुंभा नावाचे एक झाड असते. विरारच्या पूर्वेस जीवदानीचा डोंगर व त्यापलीकडे तुंगारेश्वराचे रान आहे. अशा रानांतून हिंडणाऱ्या मंडळीस ते ओळखीचे असेल. थंडीच्या अखेरीस त्याची पाने तांबडी होऊन गळतात. मग पांढऱ्या पाकळ्यांची व गुलाबी केसरांची मोठी फुले रात्री उमलतात, आणि पुढे लहान घागरीसारखे हिरवे फळ धरते. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ह्या झाडास कॅरिया आर्बोरिया असे म्हटले आहे. त्यातील दुसरा शब्द वृक्षवाचक आहे व पहिला एका माणसाच्या नावावरून घेतलेला आहे. तो मनुष्य म्हणजे विल्यम कॅरी.

मराठी भाषेचे व्याकरण, मराठी शब्दकोश आणि मराठीत छापलेला नवा करार ह्यांच्यामुळे कॅरीसाहेबांचे नाव आपल्या मंडळ्यांत ठाऊक आहे. परंतु तेच कॅरीसाहेब एक निष्णात माळी होते, आणि ह्या देशातील बागाईत सुधारावी म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल. ज्यांच्या घराभोवती चार झाडांपुरती जागा आहे, त्यांस ह्या चरित्रापासून पुष्कळ शिकता येण्याजोगे आहे.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील एडमंड हे प्रथम विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेचे पंतोजी झाले. घरी सुबत्ता नव्हती. त्यांचे एक चुलते पीटर कॅरी हे सैन्याबरोबर कॅनडात राहून परत आले होते व माळीकाम करीत असत. झाडांची गोडी विल्यमला ह्या चुलत्यांपासून लागली. मुलगा कुंपणाकुंपणांतून हिंडून रोपे, किडे व पाखरे गोळा करी आणि आपली खोली त्यांनी भरून टाकी. शेतकाम करून पोट भरावे असा त्याचा विचार होता. परंतु त्याच्या कातडीस असा काही विकार होता की, ऊन लागले म्हणजे हातातोंडास असह्य वेदना होत. म्हणून त्यास पिडिंग्टन गावी एका चांभाराच्या हाताखाली जोडे शिवण्याचे काम शिकण्यास ठेविले. ज्यास इंग्लंडातले कोवळे ऊन सोसवले नाही, तोच पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे राहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक व इब्री भाषांचा अभ्यास केला. पुढे ते मोल्टन येथे शाळा चालवू लागले व नंतर लेस्टर येथे मंडळीचे पाळक झाले. मिळकत इतकी तुटपुंजी असे की, घरात कित्येक दिवस मांस शिजत नसे. तरी जेथे जेथे ते राहिले तेथे तेथे घरामागची जागा खणून त्यांनी बाग केली. १७९२ साली केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे ११ नोव्हेंबर १७९३ रोजी, कॅरी बायकामुलांसह कलकत्त्यास येऊन पोहोचले.

पहिली वर्षे फार कष्टाची गेली. जवळचा पैसा संपला. १७९४ साली उत्तर बंगालात मदनावती येथील निळीच्या कोठीवर त्यांस काम मिळाले. तेथे त्यांचा पीटर नावाचा पाच वर्षांचा मुलगा आमांशाने वारला, आणि त्या दुःखातून त्यांच्या पत्नी डॉरोथी ह्यांच्या मनाचा तोल जो गेला तो १८०७ साली त्यांचा अंत होईपर्यंत पुन्हा सावरला नाही. अशाही स्थितीत त्यांनी इंग्लंडातील मित्रांस पत्रे लिहून विळे, कोयते, बागेचे बी आणि फळझाडांची बियाणी दरवर्षी पाठविण्याविषयी विनविले, व त्यांची किंमत आपण देऊ असे कळविले. ही मागणी केवळ हौसेची नव्हती. आसपासच्या शेतकऱ्यांची दैन्यावस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. दिनाजपूर जिल्ह्यातील शेतीची अवजारे, जमिनी व पिके ह्यांविषयी त्यांनी पुढे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत एक लेखही लिहिला.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी श्रीरामपुरास गेले. आपल्या नगरकडील श्रीरामपूर ते हे नव्हे. हे कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या काठी असून त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. तेथे मार्शमन व वॉर्ड ह्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी छापखाना काढला. १८०१ पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकवू लागले, आणि लवकरच मराठीही त्यांच्याकडे आली. नागपूरकडील वैजनाथ पंडित ह्यांच्या साह्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण, १८१० साली कोश आणि १८११ साली नवा करार छापून निघाला. कॉलेजचा पगार मोठा होता; पण तो ते मिशनाच्या सामाईक निधीत घालीत व स्वतःपुरते थोडके ठेवीत.

ह्या सर्व कामाच्या धबडग्यात त्यांनी श्रीरामपूर येथे सुमारे पाच एकरांची बाग उभी केली. स्वीडनचे विद्वान लिनियस ह्यांनी लावून दिलेल्या वर्गवारीप्रमाणे तिच्यात झाडे मांडलेली होती. फळझाडे, इमारती लाकडाची झाडे, औषधी, कंद, वेली, फुले अशी देशोदेशींची झाडे तेथे होती. कॅरींचा एक मुलगा आंबोयना बेटात व दुसरा ब्रह्मदेशात होता. त्यांस पत्र लिहिताना रोपे व कंद पाठविण्याविषयी आणि ते कसे बांधावे ह्याविषयी ते बारीकसारीक सूचना देत. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख डॉ. विल्यम रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही होते. कुंभ्याच्या कुळास कॅरींचे नाव त्यांनीच दिले. रॉक्सबर्ग १८१५ साली वारले, तेव्हा त्यांचा हिंदुस्थानातील वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ हस्तलिखितातच पडून होता. तो कॅरींनी श्रीरामपूरच्या छापखान्यात छापून काढला. १८२० साली त्याचा पहिला भाग व १८३२ साली संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.

ह्या बागेतील एक लहानशी गोष्ट फार बोधपर आहे. एकदा इंग्लंडाहून बियाण्याची एक पिशवी आली. बी काढून घेतल्यावर कॅरींनी ती रिकामी पिशवी बागेतील सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी त्या जागी इंग्लंडच्या कुरणात सर्वत्र उगवणारे डेझीचे इवलेसे फूलझाड उगवलेले दिसले. स्वदेश सोडल्यावर ते फूल त्यांच्या दृष्टीस पडले नव्हते. त्यांस अत्यानंद झाला. परंतु बंगालच्या पावसाळ्यात त्याची मुळे टिकत ना. म्हणून दरसाल त्याचे बी धरून ठेवून ते पुन्हा पेरावे लागे. कॅरींनी ते आवडीने केलेही. पण जे झाड गरीब शेतकऱ्यास लावण्यास सांगावयाचे, ते असे असून चालत नाही, हे त्यांस पूर्ण ठाऊक होते. मनास आवडणारे झाड एक व जमिनीस मानवणारे झाड दुसरे, हा भेद ज्यास समजला त्यास बागेचे पहिले अक्षर समजले.

हाच भेद आपल्या विरार-वसईच्या भागात लावून पाहावा. येथे थोड्याच अंतरात जमीन किती बदलते! अर्नाळ्याच्या किनाऱ्यास वाळू व खारा वारा. आगाशी-बोळिंजच्या बाजूस पोसलेली बागाईत माती. पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी मुरूम. म्हणून शेजारगावच्या अंगणातील झाड पाहून तेच आपल्या दारी आणण्यापूर्वी आपल्या विहिरीचे पाणी चाखून पाहावे. नारळास किंचित मचूळ पाणी चालते. चिकूही ते बऱ्यापैकी सोसतो. सुपारीस व केळीस मात्र गोडे पाणी पाहिजे, आणि सुपारीचे कोवळे रोप पश्चिमेच्या उन्हात करपते, म्हणून ते नारळाच्या किंवा केळीच्या सावलीत लावावे. आगाशीची सुकेळी ज्या राजेळी केळीपासून होते, तिला खत व पाणी दोन्ही मुबलक लागतात. ज्याची विहीर फाल्गुनात आटते त्याने तिच्या नादी लागू नये. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या सखल कोपऱ्यात आंबा कुजेल, पण तेथे जांभूळ तग धरील. समुद्राकडच्या बाजूस उंडी, करंज किंवा भेंडी लावली म्हणजे खारा वारा अडतो व आतील झाडे वाढतात. मुरमाड जागेत सीताफळ व काजू येतात. स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर एक शेवगा, एक कढीलिंब व एक कागदी लिंबू सहज पोसते. आणि गरीब घरास ह्या तिहींचा जो रोजचा उपयोग होतो, तो शोभेच्या दहा झाडांचा होत नाही. वड, पिंपळ, उंबर ही मोठी उपकारक झाडे आहेत. पण ती घराच्या भिंतीजवळ किंवा विहिरीच्या काठावर ठेवू नयेत, कारण त्यांची मुळे दगडी बांधकामही फोडतात.

झाड निवडले म्हणजे काम संपले असे नाही, हेही कॅरींच्या चरित्रावरून दिसते. ते दररोज पहाटे बागेत जात. तेथेच त्यांची एकांतातील प्रार्थना होई आणि तेथेच झाडांची पाहणीही होई. कोणत्या रोपास कीड लागली, कोणते कोमेजले, कोणास आधार पाहिजे, हे ते स्वतः पाहत व मग माळ्यांस काम सांगत. अशी नित्याची पाहणी पाच एकरांस लागते तशीच पाच झाडांसही लागते. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी, वैशाखातच, खड्डे खणून ठेवावे. आंबा, नारळ, चिकू ह्यांस तीन फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा असावा. त्यास काही दिवस ऊन लागू द्यावे आणि मग वरची चांगली माती व कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. पहिला पाऊस बसला व जमीन निवाली म्हणजे रोप लावावे. दोन नारळांत पंचवीस फूट अंतर ठेवावे. आंब्याच्या दोन कलमांत तेहतीस फूट. रोपे लहान असताना ही जागा मोकळी व वाया गेल्यासारखी दिसते आणि मनुष्यास मध्ये आणखी दोन झाडे दडपण्याचा मोह होतो. त्या मोहाचे फळ दहा वर्षांनी उंच, किडकिड्या व वांझ झाडांच्या रूपाने मिळते. मधल्या जागेत पहिली काही वर्षे केळी, पपई किंवा भाजी करावी. कलमाचा जोड मातीवर राहील असे पाहावे, जोडाखालचे फुटवे खुडावे, आणि पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी तो काढून टाकावा. रोपाच्या बुडाशी गवत-पाचोळा अंथरला म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी लागते. कुंपण मात्र रोप लावण्याच्या दिवशीच करावे. कारण शेळीस दुसरा दिवस लागत नाही.

एकट्याची बाग कितीही चांगली झाली तरी तिने देशाचे पोट भरत नाही, असे कॅरींस वाटे. म्हणून १८२० साली त्यांनी विनंतिपत्रक काढून १४ सप्टेंबर रोजी कलकत्त्यास शेती व बागाईत सुधारणारी मंडळी स्थापन केली. कोणत्या जमिनीस कोणते पीक मानवते, देशी फळांच्या जाती कशा सुधाराव्या, पडीक जमीन कशी कामास आणावी, इमारती लाकडाची झाडे कशी वाढवावी, असे तिच्यापुढील विषय होते. तिच्यात इंग्रज व एतद्देशीय गृहस्थ ह्यांनी बरोबरीच्या नात्याने बसावे, असा कॅरींचा आग्रह होता. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. ही मंडळी कलकत्त्यास अलीपूर येथे आजही चालू आहे. पुढे पश्चिम हिंदुस्थानासाठी मुंबईतही अशीच एक मंडळी निघाली. तिची बाग शिवडीस होती. ती जागा गेल्यावर भायखळ्यास नवी बाग केली आणि १८६२ साली ती लोकांस खुली झाली. विरारहून मुंबईस जाणारी मंडळी जी राणीची बाग मुलांस दाखवितात, तीच ही.

कॅरींच्या कामावर संकटे वारंवार आली. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्यास आग लागून हस्तलिखिते, टाइप व कागद जळून गेले. अनेक वर्षांचे श्रम एका रात्रीत नाहीसे झाले. त्यांनी ते भाषांतर पुन्हा लिहावयास घेतले. १८२३ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून परत येताना नदीच्या घाटावर पाय घसरून ते पडले, कमरेस जबर दुखापत झाली व तापाने ते मरणोन्मुख झाले. त्याच हंगामात नदीस महापूर आला, काठ फुटला आणि बाग पाण्याखाली जाऊन तिच्यातील पुष्कळशी दुर्मिळ झाडे नष्ट झाली. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट होते. ह्या वयात बहुतेक माणसे नवे झाड लावण्याचा विचार सोडून देतात. कॅरींनी मात्र अंथरुणावरून उठताच पुन्हा मित्रांकडे बी मागितले आणि पुन्हा लागवड आरंभिली. पूर्वी ज्यांस त्यांनी आपल्या बागेतून रोपे दिली होती, अशांकडूनच आता रोपे मागविता येत होती, हा दिल्याचा फायदा.

शेवटल्या दिवसांत चालवेनासे झाले तेव्हा त्यांस चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत फिरवीत. पुढे तेही होईना. तेव्हा मुख्य माळी खोलीत येऊन कोणत्या झाडाचे कसे चालले आहे हे त्यांस सांगे. एके दिवशी ते खिन्न दिसले. आपल्यामागे मार्शमनसाहेब बागेत गाई सोडतील, अशी धास्ती त्यांनी बोलून दाखविली. मार्शमन ह्यांस बागेची आवड कॅरींइतकी नव्हती. परंतु तुमची बाग मी पवित्र ठेव म्हणून सांभाळीन, असे त्यांनी आपल्या मित्रास आश्वासन दिले. ९ जून १८३४ रोजी कॅरी मरण पावले व श्रीरामपूर येथे त्यांस मूठमाती देण्यात आली.

बाग काही वर्षे राहिली. डॉ. व्हॉइट नावाच्या डेन्मार्कच्या वैद्याने तिच्यातील व कलकत्त्याच्या सरकारी बागेतील झाडांची यादी केली, ती १८४५ साली ग्रंथरूपाने निघाली. पुढे मात्र जमीन दुसऱ्यांच्या हाती गेली आणि त्या जागी तागाची गिरणी उभी राहिली. गाईंनी केले नाही ते गिरणीने केले.

विरारच्या वाचकांस ह्या शेवटाचे नवल वाटणार नाही. मुंबईची वस्ती इकडे वाढत आली. २००९ साली येथे महानगरपालिका झाली. जेथे पूर्वी केळी व पानवेली होत्या अशा कित्येक ठिकाणी आज इमारती आहेत. वाडी आपल्या नातवापर्यंत राहील असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. मग झाड लावावे तरी कशाला, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, आणि तो खोटा नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर कॅरींच्या बागेतच सापडते. जे त्यांनी भिंतीच्या आत ठेविले होते ते गेले. जे बी व जी रोपे त्यांनी वाटून दिली, जी मंडळी चार माणसे बसवून उभारली, जे ज्ञान छापून ठेविले, ते राहिले. म्हणून ज्याच्याकडे चांगला राजेळीचा कोंब आहे, चांगला धरणारा नारळ आहे, गोड जांभूळ आहे, त्याने ते केवळ आपल्या कुंपणात ठेवू नये. मध्यम वयाच्या, दरसाल भरपूर धरणाऱ्या माडाचे पक्के नारळ निवडून त्यांची रोपे करावी. कोंब, कलमे व बी शेजाऱ्यांस, शाळेस व दूरच्या नातलगांस द्यावी. ज्यास वाडी नाही व दाराशी चार हात जागा आहे, त्याने एक लिंबू किंवा एक कढीलिंब लावावा. ज्यास तेवढीही नाही, त्याने शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात शिक्षकांस व उपदेशकांस विचारून एक झाड सांभाळावे. उपदेशकांनीही गावोगाव जाताना पिशवीत थोडे बी बाळगावे. ते ओझे जड नसते.

पुढचा पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या अंगणाची एकदा पाहणी करावी: पाणी गोडे की मचूळ, माती वाळूची की मुरमाची, ऊन कोणत्या बाजूचे, वारा कोठून येतो. ह्या चार गोष्टी पाहून मग झाडाचे नाव काढावे. आणि खड्डा एक खणावयाचा असेल तर रोपे दोन करावी, एक आपल्यास व एक दुसऱ्यास.